गवसणीतला डबा

माझा तानपुरा सांगलीलाच राहिला होता. म्हणून चंदीगडला सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर असलेल्या माझ्या नवऱ्याने तानपुऱ्यासारखा घुमणारा, सेलवर चालणारा एक डबा बनवून दिला. वाद्य उघडं न्यायचं नाही, ही आईची शिस्त. मी जुन्या लुगड्याची गवसणी शिवली आणि नाडीची घट्ट गाठ मारली. चंदीगडमध्ये तेव्हा बेवारस पिशवी दिसली तरी लोक बॉम्बच्या भीतीने पळायचे, पण मला शिस्त प्यारी!

सेक्टर बावीसला गाणं शिकायला निघाले होते. नाक्यावर झडतीला बस थांबली. एका प्रौढ सरदार हवालदाराने गवसणी चाचपली, त्याच्या हाताला वायर लागली आणि बस क्षणात रिकामी झाली. मला डब्यासकट रस्त्याकडेला उभं केलं.

"बाजा है जी, गाने का," मी तिरसटपणे म्हणाले. ढोल सोडून इथे कुणाला सूर कळत नाही, असं आईला पत्रात लिहून मोकळी झाले होते मी.

"खोलके बजाओ," तो दहा पावलांवरून म्हणाला. बंदूक माझ्यावर रोखलेली.

गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली आणि डोळे मिटून बटण दाबलं. डबा घुमू लागला.

हवालदाराने मान तिरकी करून ऐकलं, मग बंदूक खाली केली.

"पंचम उतरा हुआ है, बीबीजी."

मी नीट ऐकलं. खरंच पंचमाचा सूर उतरलेला होता. महिनाभर मी रोज त्याच्यावरच गात होते.