आईच्या पेटीतली दोन नाणी

माझे शिक्षण सातवीत थांबले. तथापि मी लिहिलेला एकही अर्ज भाषेच्या कारणास्तव आजवर परत आलेला नाही. डिचोलीत कचेरीच्या जिन्याखाली माझे टेबल आहे. ज्यांची मुले इंग्रजीत पदवीधर झाली, तेही अर्जासाठी माझ्यासमोरच बसतात. हे आत्मप्रौढीने लिहीत नाही. पुढे जे घडले ते याच अक्षराने घडवले, म्हणून आधी नोंदवतो.

माझा दुसरा व्यासंग नाण्यांचा. त्यातही आपोआप रंग चढलेल्या नाण्यांचा. चांदीचे नाणे कागदात किंवा लाकडी पेटीत कित्येक वर्षे स्वस्थ पडून राहिले की त्यावर आधी मधासारखा, मग जांभळा आणि शेवटी कडेने मोरपंखी निळा रंग उतरतो. तो कोणी लावलेला नसतो, आणि एकदा नाणे घासले की गेला तो गेलाच. आमच्या लोकांच्या लेखी मात्र ती निव्वळ घाण. माझा अल्बम उघडा दिसला की समोरचा चहावाला हटकून म्हणे, "अर्जवालेबाब, घरात चिंच नाय? माझ्याकडची न्हेवा!" बाकावरचे चारजण हसत. अशांना उत्तर देणे मी कमीपणाचे मानतो.

अल्बमच्या प्रत्येक कप्प्याखाली माझ्या हातची चिठ्ठी आहे: नाणे कोठले, किती वर्षे कशात पडून होते. सर्वणच्या एका बागायतदाराने तपकिरीच्या डबीतले दिले, कोणी देव्हाऱ्यातले. पहिल्या पानावर दोन कप्पे. एकात माझे नाणे. दुसरा नऊ वर्षे रिकामा होता. चिठ्ठी मात्र तयार होती.

आम्ही मूळचे इब्रामपूरचे. आम्हा दोघा भावांच्या जन्माच्या वेळी आईच्या वडिलांनी तिला पोर्तुगीज अमलातला चांदीचा एकेक रुपया दिला होता. आईने ते दोन्ही एकावर एक ठेवून पिंजरीच्या, म्हणजे कुंकवाच्या, पुडीच्या कागदात गुंडाळले आणि फणसाच्या पेटीच्या तळाशी ठेवले. ती गेल्यावर पेटी उघडली, तेव्हा दोन्ही नाण्यांच्या बाहेरच्या बाजू निळ्याजांभळ्या झालेल्या, आणि एकमेकांना टेकलेल्या आतल्या बाजू पांढऱ्याशुभ्र. नाणी किंचित सरकली असावीत. माझ्या नाण्याच्या पांढऱ्या अंगाला कडेने नखाएवढी निळी चंद्रकोर होती, आणि दादाच्या नाण्याला तशीच, उलट्या कडेला. दादानेच ती पुन्हा एकावर एक धरली. "बघ," तो म्हणाला, "आईन ठेवलेली ती अशीच." मग आपले नाणे घेऊन तो पाळीला गेला. तेथे खाणीवर माती वाहणारा त्याचा टिपर होता.

ती जोडी एका पानावर यावी, एवढीच माझी इच्छा होती. दोनदा तोंडी मागितले. दोन्ही वेळा दादा हसला. "आईचा नाणां तुझ्या वहीत कोंडूक दिवचंय नाय." पुढे डिचोलीच्या वाचनालयाने जुन्या वस्तूंचे प्रदर्शन ठरवले आणि मला एक टेबल देऊ केले. पाळी बसने अर्ध्या तासावर. परंतु तिसऱ्यांदा हात पसरण्याऐवजी मी पत्र लिहिले. विषय, संदर्भ, मजकूर, सारे रीतसर, आणि अखेरीस माझा हात प्रत्येक अर्जात आपोआप लिहितो ते वाक्य: "तरी सदर नाणे स्वच्छ व सुस्थितीत सादर करावे, ही नम्र विनंती."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दादा स्वतः आला, इस्त्रीचा शर्ट घालून, सोबत वयनी. माझ्यासमोर पाचसहा पक्षकार बसलेले. त्याने रुमालाची गाठ सोडली. नाणे स्टीलच्या वाटीसारखे लखलखत होते.

"सोनाराकडे तीनदा घासून घेतलंय," दादा म्हणाला. "आता लोक बघतले."

मी उभा राहिलो. सर्वांसमक्ष म्हणालो, "जन्मभर खाणीची माती वाहिलीत, तुम्हाला दुसरे काय कळणार! आईचा हात पुसून आणलात."

दादाने नाणे रुमालासकट टेबलावर ठेवले. वयनी म्हणाली, "भावजी, मी म्हटलंय ह्यांका, आसा तसाच देवया. पण हे आयकनत नाय. भावान लिवलां, म्हणतत."

दादाने खिशातून चौघडी घातलेले माझे पत्र काढले. "तुझाच अक्षर मां? वाच. मोठ्यान वाच."

मी वाचले. 'स्वच्छ' या शब्दाशी मी थांबलो. तेव्हाच क्षमा मागता आली असती. मी म्हणालो, "तो शब्द प्रघात म्हणून घालतात."

"माका प्रघात कळना नाय," दादा म्हणाला. "माका वाटला, भाव शिकलेलो. लिवता ता इचार करूनच लिवता."

चहा मागवला होता, तो न घेता दोघे गेले. नाणे पत्राशेजारी टेबलावरच राहिले.

प्रदर्शनात मी ते मांडले नाही. घासलेल्या नाण्याला माझ्या अल्बमात जागा नाही, हा नियम माझाच. नंतर ते रजिस्टर टपालाने पाळीला पाठवले. पाकीट "घेण्यास नकार" या शेऱ्यासह परत आले. तेव्हापासून ते शाईच्या पॅडशेजारी खणात आहे. कधी दोन्ही नाणी एकावर एक धरून पाहतो. माझी चंद्रकोर दादाच्या नाण्याच्या कडेपर्यंत येते आणि तेथेच तुटते.

लोकांच्या वतीने "झाल्या चुकीबद्दल क्षमा असावी" हे मी किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. दादासाठी कागद घेतला की विषयाच्या पुढे लेखणी जात नाही. बस मात्र अजूनही अर्ध्या तासाचीच आहे.

मागच्या महिन्यात पाळीचा एक टिपरवाला दाखल्यासाठी आला. बसता बसता म्हणाला, "तुमचे दादा इचारीत होते, नाण्याचो रंग परत इलो काय?"

"नाही," मी म्हणालो. मग कोरा कागद पुढे ओढला आणि त्याला त्याचे पूर्ण नाव विचारले.