बेलहेवनच्या मास्तरांची सही

लंडनच्या हॅरो उपनगरातले कमलाकर टिपणीस गणिताचे मास्तर म्हणून इंग्लंडात निवृत्त झाले, पण त्यांची पहिली नोकरी तिथली नव्हती. १९६७ साली ते पुण्याहून थेट कॅरिबियनमधल्या एका बेटावर, बेलहेवन नावाच्या जुन्या, नामांकित शाळेत शिकवायला गेले होते. २००४ साली त्या शाळेला दीडशे वर्षं झाली आणि लंडनमधल्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायची ठरवली. त्यात नाव काढलेल्या विद्यार्थ्यांवर लेख असणार होते: दोन मंत्री, एक फास्ट बोलर आणि न्यायमूर्ती कॉर्बिन.

"सर, कॉर्बिनवर तुम्हीच लिहा," सेक्रेटरीचा फोन आला.

सरांना आठवला तो एव्हरार्ड. कॉर्बिनच्याच वर्गातला, सुताराचा मुलगा, इतकं तल्लख डोकं त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. १९७१च्या परीक्षेत त्याचा आणि कॉर्बिनचा पेपर सारखा निघाला. एव्हरार्डनं एक पायरी चुकल्यावर खोडून पुन्हा केली होती. कॉर्बिननं ती चुकीची पायरी तशीच उतरवली होती, आणि खाली उत्तर मात्र बरोबर! कॉपी कोणी केली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण कॉर्बिनचे वडील शाळेच्या बोर्डावर होते आणि सरांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. कॉपी एव्हरार्डनं केली, असं लिहिलेला कागद हेडमास्तरांनी पुढे केला आणि सरांनी त्यावर सही केली. एव्हरार्डला शाळेतून काढलं.

तो आता लंडनमध्येच, विमानतळाजवळच्या हाउन्सलोत राहतो, विमानांची साफसफाई करतो, असं सेक्रेटरीकडूनच कळलं.

"अहो, कशाला आता खपली काढताय?" त्यांची बायको मंजिरी म्हणाली. तरी सर गेले.

एव्हरार्डनं दारातच ओळखलं. चहा दिला. सरांनी सगळं कबूल केलं.

"मी हे लिहिणार आहे. तुझी परवानगी हवी."

"लिहा की. तेहतीस वर्षांनी तुमचं मन हलकं होईल, सर. माझं काय होईल?"

घरी येऊन सरांनी खरं ते लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन.

"सर, शाळेच्या डिनरला प्रमुख पाहुणे कॉर्बिनच आहेत हो. तेवढा परिच्छेद गाळू या?"

सर म्हणाले, "गाळा."

डिनरला कॉर्बिननं भर सभेत त्यांना मिठी मारली. "माझं गणित या माणसामुळे!" टाळ्या पडल्या. सर हसले, फोटोही निघाला. मंजिरीचे हात मांडीवरच होते. परतताना ट्रेनमध्ये ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्यांदा केलंत तुम्ही हे."

पुढे सरांनी एव्हरार्डला कितीदा तरी फोन केला. त्यानं एकदाही उचलला नाही.