सरकीची अक्षरं

आबाजी मास्तर गेले, हे मला अकोल्यात एका गाडीवानानं सांगितलं, तेही तेराव्यानंतर. कचेरीत अर्ज लिहीत होतो. बोरू हातात तसाच राहिला...

अमरावतीला त्यांच्या शाळेत मी बसलो ते अमेरिकेतल्या लढाईचे दिवस. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, गाड्यांवर माणूस पुरेना आणि शाळा ओस पडू लागली. मी पुस्तक घडाघडा म्हणत असे, पण सारं पाठ. मास्तरांनी मधल्याच शब्दावर बोट ठेवलं की मी गप्प. एक दिवस वडील आले. "मास्तर, याच्या डोक्यात भुसा हाये. नेतो याले गाडीवर."

"दिवाळीपर्यंत थांब, लक्ष्मण. तवाबी नाई वाचलं, तं मीच याले आनून देतो."

त्या दिवसापासून पुस्तक बंद. मास्तर मला आपल्या उजव्या हाताला बसवायचे. "काल काय पायलं, सांग." मी सांगेन ते सारवलेल्या जमिनीवर सरकी मांडून लिहायचे, माझं बोट धरून अक्षरांवरून फिरवायचे. मग शब्द मागेपुढे करून पुन्हा विचारायचे, म्हणजे पाठांतर चालत नसे.

दिवाळीच्या आदल्या दिवशी वडील दारात उभे राहिले. मी बोट ठेवून वाचलं, "ढवळ्या बैल पुरात गेला. बाप गोठ्यात रडला. मी पाहून राहिलो."

"हे कोनं सांगतलं तुमाले?"

"त्यानंच. मी फकत सरकी मांडली."

वडिलांना एकही अक्षर येत नव्हतं, तरी ते बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिले. निघताना सरकीवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेनं गेले. गाडीचं नाव पुन्हा निघालं नाही.

बी.ए. होऊन मुंबईहून आलो तेव्हा मास्तरांना भेटलो. एकटेच होते. म्हणाले, "एखांदी चिठ्ठी धाडत जा, बाबू. मले कोनाचीच येत नाई." मी हो म्हटलं. अकोल्यात साहेबांना रोज लिहिलं. ज्यांनी माझं बोट धरलं, त्यांना एक ओळ लिहिली नाही...

परवा त्यांच्या खोलीत गेलो. बसायची दोन बसकरं शेजारी शेजारी तशीच होती. शेजारच्या बाईंनी सरकीची पिशवी पुढं केली. "तुमीच न्या, भाऊ. कोनाच्या कामाची?"

त्या गेल्यावर मी उजवीकडच्या बसकरावर बसलो. जमिनीवर पत्राचा मायना मांडला, खाली दोन ओळी मांडल्या. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवायला डावीकडे, मास्तरांच्या बसकराकडे वळलो.