बटणातलं मेण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माझी नेमणूक अकोल्याच्या सिग्नल स्टोअरमध्ये झाली. मी चौथी शिकलेली, नांदगाव खंडेश्वरची. महिला दलाच्या आम्ही दोघी होतो, मी आणि सिंधू. जखमी जवानांच्या वॉर्डात जाणारे रेडिओ आम्ही तपासत असू. आमचे नायक गुलाबराव, अंजनगावचे. मी फार हळू बोलत असे, म्हणून ते रोज सकाळी विचारत, "रिपोर्ट कर. का तुहा आवाज आज रजेवर हाय?"

शिकवताना मात्र ते थट्टा करत नसत. हे रेडिओ थेट विजेच्या लाइनवर चालत, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसे. आतल्या पत्र्याच्या सांगाड्यालाही, म्हणजे चासीलाही, करंट असे. माणूस आणि करंट यांच्यामध्ये फक्त बॅकेलाइटची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची पेटी. तिला तडा नको, मागची पाटी सुटी नको. बाहेरच्या गोल बटणात एक बारीक स्क्रू असतो, तो चासीला जोडलेल्या आतल्या लोखंडी दांड्याला टेकतो. म्हणून त्याच्या भोकात मेण भरलेलं असे.

खंडेनवमीला स्टोअरमध्ये शस्त्रपूजा ठरली. टेबलावर एक रेडिओ सुरू होता, अजून तपासायचा होता. उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून त्याच्या बटणातलं मेण वितळून गेलं होतं. पूजा म्हणून सिंधूने बूट काढले, पाणी शिंपडलं, रेडिओला हळदकुंकू वाहिलं. मग आवाज कमी करायला तिने ओल्या हाताने बटण धरलं. हात तिथेच चिकटला. तिच्या तोंडून शब्द निघेना. मी तिला ओढायला धावले.

"तिले हात लावू नको," नायक दारातून म्हणाले. "बोर्डाचा खटका पाड."

मी खटका पाडला. सिंधू खाली कोसळली. बोटं भाजली होती, श्वास चालू होता. नायक तिच्याजवळ उकिडवे बसून राहिले. ती डोळे पुसायला लागली तेव्हा म्हणाले, "हळदकुंकू तू लावलं, प्रसाद रेडिओनं देल्ला." ती रडता रडता हसली.

त्या दिवसापासून आम्ही भोकात मेणाऐवजी लाख भरली. पूजेला खटका आधी पाडायचा आणि बूट पायातच ठेवायचे, असा हुकूम निघाला. "देव समजून घेते," नायक म्हणाले.

पुढे ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले आणि तिथेच कामी आले. आम्ही दोघी अंजनगावला त्यांच्या आईला भेटायला गेलो. ते गेल्याची सरकारी तार आली होती, पण तिच्यावर आईचा विश्वास नव्हता. तारेतला गुलाबराव दुसरा कोणी असेल, असं ती सगळ्यांना सांगत होती. तिने मला विचारलं, "तुमचा नायक कसा होता व बाई?"

"दिवसभर चिडवत होते मले," मी म्हणाले.

आई हसली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मंग माहाच होता तो."