हिला काढा

"आज हिलाच काढा," मॅडम म्हणाल्या.

मी केर काढत होते. हातातला झाडू हातातच राहिला. मला वाटलं, मला कामावरूनच काढताहेत. आदल्या दिवशी चित्रासाठी ठेवलेली फुलदाणी फुटली होती, पण ती त्यांच्याच मांजराने पाडली होती.

चित्रं काढायला बसलेल्या सगळ्या हसल्या. मॅडम म्हणाल्या, "अगं वेडे, चित्र काढायचंय तुझं! फुलदाणी नाही ना आता. बस त्या स्टुलावर. झाडू घेऊनच बस. आणि पदर खोचलेलाच राहू दे."

बोरीवली पश्चिमेला एका सोसायटीत तळमजल्यावर मॅडमचा हॉल. नवाकोरा रंगीत टीव्ही, त्याच्यावर भरतकामाचं कव्हर. दर रविवारी सकाळी तिथे ड्रॉइंगचा क्लास. सोसायटीतल्या वहिनी, कॉलेजच्या मुली, दहाबारा जणी. मी सतरा वर्षांची. आम्ही पूर्वेला, डोंगराच्या कडेच्या वस्तीत राहायचो. बाबांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. हे काम मुळात आईचं. तिची कंबर धरली म्हणून मी जायला लागले. केर काढायचा, पाणी भरायचं आणि क्लासच्या पेन्सिलींना ब्लेडने टोक काढायचं.

टोक काढता काढता मला सगळ्या पेन्सिली हाताला कळायला लागल्या होत्या. एचबी कडक, ब्लेडखाली करकरते. फोर बी मऊ. सिक्स बी तर इतकी मऊ की जरा जोर झाला तर टोक मोडलंच. डोळे मिटून सांगितलं असतं कुठली ते. पण मला विचारतंय कोण.

तर मी स्टुलावर बसले. दीड तास. पायाला मुंग्या आल्या. नाकावर माशी बसली. "हलू नकोस गं," कुणीतरी ओरडलं. आईची जुनी साडी, खोचलेला पदर, मांडीवर झाडू. दहाबारा जणी माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी नीट बघतंय. खोटं कशाला बोलू, मनातून बरं वाटत होतं.

मॅडम मागून फिरत होत्या. "आधी सोपं घ्या. साडी, झाडू, स्टूल. तोंड शेवटी. वेळ उरला तर."

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मी तोंड कोरंच ठेवलंय, मॅडम. शेडिंग केलं की घाण दिसतं हो."

"चालेल. नाहीतरी हिचं काय, सिक्स बीने सपाट काळं केलं की झालं!"

हॉलभर हशा. मीही हसले. काम टिकवायचं होतं ना. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. त्यांच्या हसण्याचा राग एक वेळ जाईल, माझ्या हसण्याचा जात नाही.

क्लास सुटला. पुन्हा केर काढायला मीच. कचऱ्याच्या डब्यात वहिनींचा कागद मुडपून टाकलेला होता. उघडून बघितला. साडीची चुणी न् चुणी काढलेली. झाडूची काडी न् काडी. स्टुलाच्या पायाची भेगसुद्धा. आणि वर तोंडाच्या जागी एक अंडं. डोळे नाहीत, नाक नाही. झाडूला जेवढा वेळ दिला, त्याच्या अर्धा तरी मला द्यायचा होता.

तो कागद मी घरी नेला. डब्यात पडलेली पेन्सिलींची थोटकं आणि खोडरबराचा तुकडाही नेला.

दुपारी घरात कुणी नव्हतं. बाबांचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढून समोर ठेवला आणि त्या अंड्यात माझं तोंड भरायला लागले. रागाच्या भरात सिक्स बी दाबून घासली. झालं काय, तर मॅडम म्हणाल्या तेच. सपाट काळं. रडूच आलं. म्हटलं, खरं बोलल्या की काय त्या?

मग पुन्हा आरशात बघितलं. दारातून ऊन येत होतं. गालाच्या हाडावर उजेड होता. नाकाशेजारी सावली होती, तिच्या आत आणखी गडद सावली. माझ्या काळ्यात एवढे काळे होते! आणि ते सगळे माझ्या हाताशी, थोटकांत पडले होते. सगळं खोडून पुन्हा सुरुवात केली. एचबीने हलकं. त्यावर फोर बी. बोटाने पुसलं, फिरून चढवलं. बुबुळांना आणि केसांच्या मुळांशी सिक्स बी. उजेड हवा तिथे खोडरबराच्या तुकड्याने उचलला. कागद तिरका धरला तर शिसं चमकत होतं, घासलेल्या तव्यासारखं. इतका आनंद मला तोवर कशाने झाला नव्हता. तहानभूक विसरले.

आई बाजारातून आली. माझे गाल, कपाळ, बोटं सगळी शिशाने माखलेली.

"तोंड खंय काळां केलंस गो?" ती दारातूनच आमच्या मालवणीत ओरडली.

मी कागद पुढे केला. तिने हात पदराला पुसले, मग धरला. बराच वेळ बघत राहिली. "ह्यां तूच," म्हणाली. "डोळे माजे इलेत." तिचे डोळे माझ्या तोंडावर आले होते खरे. आणि लगेच घाबरली. "मॅडमांका दाखवू नको हां. काम जायत."

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेले आणि तो कागद बोर्डाला क्लिप लावून उभा केला.

"हे कुणी केलं?" मॅडमनी चष्मा लावला.

"मी."

त्या जवळून बघत राहिल्या. मग वळून क्लासला म्हणाल्या, "बघा! केरवालीला जमतं. आणि तुम्ही फी भरून अंडी काढताय. जरा लाज वाटू द्या." माझ्या चित्राची त्यांनी छडी केली. सगळ्या ओशाळं हसल्या. मग त्याच दमात मला, "चल, बस. आजही हिलाच काढू या. आज तोंडासकट."

मी उभीच राहिले. "मी नाही बसणार."

"का गं?"

"तुम्ही बसा. मी काढते तुम्हाला."

मॅडमचं तोंड लाल झालं. "फार शहाणी झालीस. कामावरून काढीन हं."

आईची कंबर डोळ्यांपुढे आली. घरातला रिकामा डबा आला. पण या खेपेला मी हसले नाही.

"काढा," म्हटलं.

मी क्लिप काढायला गेले तर वहिनी म्हणाल्या, "ए, तो कागद माझा आहे हं."

"कागद तुमचा. तोंड माझं."

टोक काढायचं ब्लेड कमरेला खोचलेलं होतं. त्यानेच मी माझं तोंड कडेकडेने कापून घेतलं. साडी, झाडू, स्टूल, सगळं त्यांच्या बोर्डावर राहू दिलं. तोंडाच्या जागी भोक, आणि त्यातून बोर्डाचं लाकूड दिसत होतं.

काम गेलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कंबर बांधून तिने नवीन घर धरलं, आणि ते मला खूप लागलं. मीही अंधेरीच्या एका कारखान्यात डबे भरायला लागले. जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर शेजारच्या बायका काढायचे. पुढे लोक सांगायला लागले, पेन्सिल म्हणजे कच्चं काम, आता रंग घे. नाही घेतले. घेणारही नाही.

मी झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, डबे भरणाऱ्या बायका काढते. आधी विचारते, मगच काढते. आणि प्रत्येकीचं तोंड आधी. साडी, झाडू, स्टूल शेवटी. वेळ उरला तर.