भिंतीला कान लावणारे आप्पा

कचेरीत शिरताना मल्लप्पा गवंडी आधी बोटाच्या पेरानं भिंत ठोकायचे, कान लावायचे आणि मग आम्हा माणसांकडे बघायचे. उमरग्याच्या बाजारपेठेतली ती निजामाच्या काळातली इमारत. काळ्या दगडाचा चौथरा, दोन हात रुंद भिंती, कमानी, छताखाली गरम हवा बाहेर टाकणारे झरोके. वैशाखातही पंखा लागत नसे. तिची डागडुजी आप्पांच्या घराकडे तीन पिढ्या होती. चुना महिनाभर भिजवायचा, बेलफळाच्या पाण्यात मळायचा, मगच थापी उचलायची. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "साहेब, भिंतीला दम घेऊ द्या. कोंडली की आतून कुजती."

मी तिथला कारकून. इमारतीच्या फायली माझ्याकडे. एकदा वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून दप्तरखान्याची पोपडे आलेली भिंत घाईनं नीट करायची होती.

"आठ दिसांत चुना व्हत न्हाय," आप्पा म्हणाले.

"मग सिमेंट थापा. साहेब काय भिंतीला कान लावणार आहेत?"

आप्पा हसले नाहीत. माझ्या शब्दाखातर त्यांनी सिमेंट थापलं. जन्मात तेवढंच एक काम त्यांनी मनाविरुद्ध केलं असेल.

तिसऱ्या पावसाळ्यात भिंत फुगली आणि इमारत पाडायची बोलणी सुरू झाली. आप्पा धापा टाकत माझ्या टेबलाशी आले. "सिमीटनं ओल कोंडलीया. खरवडलं की सुकंल. बाकी समदी कचेरी ठणठणीत हाय. लिवा तुमी, सिमीट म्या लावलं. माझं नाव घाला."

त्यांचं नाव घातलं असतं, तर कुणाच्या सांगण्यावरून लावलं हेही साहेबांनी विचारलं असतं. माझी बढती तोंडावर आली होती. मी फायलीत लिहिलं, 'बांधकाम जुने व कमकुवत.'

त्या कमकुवत बांधकामानं जेसीबीला अकरा दिवस झुंजवलं. आप्पा रोज समोरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसून बघायचे. पुढ्यातला चहा तसाच गार व्हायचा. शेवटची कमान पडली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "लिवलं व्हतं न्हवं तुमी?"

"हो आप्पा, लिहिलं होतं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग तुमी तरी काय करनार?"

दिवाळीआधीच ते गेले. मी मातीला गेलो होतो. लाज वाटत होती, म्हणून मागंच उभा राहिलो. त्यांच्या मुलानं मला हाताला धरून पुढं नेलं आणि चारचौघांत सांगितलं, "आमच्या बापाच्या बाजूनं कचेरीत ह्येच एकटे भांडले."