हडपसरची फुगलेली भिंत

सुमनताई, गुडघा कसा आहे? तेल चोळताय, की बाटली नुसती खिडकीत ठेवलीय? गुरुजी, मोतीबिंदू काढून आठवडा झाला असेल, तेव्हा हे कुणाकडून तरी वाचून घ्या, डोळे ताणू नका. वाईची नंदा बाळंत झाली का? दोघंही सुखरूप ना? आणि साळुंखेभाऊ, तुमच्या साखरेबद्दल विचारत नाही, तुम्ही खोटं सांगाल. मी बरी आहे. दमलेय, एवढंच. पुण्याला जाऊन आले.

खरं तर जायचं नव्हतं. पण शुभदाचा फोन आला. नव्या वाचकांसाठी सांगते. माती, चुना, बांबू वापरून, सिमेंट होईल तितकं कमी वापरून घरं बांधायला शिकवणारं आमचं एक मंडळ आहे. भोरजवळ माझ्या अंगणात सातजणांनी सुरू केलेलं. माझी शाळा सातवीपर्यंत. बांधकाम शिकले ती स्वतःची भिंत दोनदा पडल्यावर. शुभदा तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली आर्किटेक्ट होती, आज मंडळाची सचिव आहे. आता सातारा, नगर, सोलापूर, सगळीकडे शाखा झाल्यात. पण एक रीत पहिल्या दिवसापासूनची. सभासद व्हायचं तर एक रविवार माझ्या अंगणात अनवाणी चिखल तुडवायचा. पेंढा घालून चार दिवस कुजवलेला, नाक धरायला लावणारा चिखल. मग रजिस्टरात नाव.

"अक्का, ती रीत बंद करायचा ठराव येतोय," शुभदा म्हणाली. "तुम्ही या. तुम्ही बोललात तर राहील."

मग काय, पिशवी भरली.

कुणाला जायचं असेल तर भोरहून सकाळची पहिली एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, विसरू नका. खिडकी डावीकडची घ्या, ऊन लागत नाही. कापूरहोळला हायवे लागला की निम्मा प्रवास संपला असं वाटतं, पण कात्रजच्या बोगद्यानंतर पुणं असं काही सावकाश सुरू होतं की चालत गेलो असतो तर बरं, असं होतं. स्वारगेटला उतरून उभ्याउभ्या चहा घेतला आणि हडपसरची सिटी बस धरली. गर्दीत एका गृहस्थांनी कंडक्टरला विचारलं, "अहो, पुढे जागा आहे का?"

"आहे की. ड्रायव्हरची मांडी रिकामी आहे."

कुणी हसलंसुद्धा नाही. पुणं आहे.

गाडीतळाला उतरून मागच्या गल्लीत दहा मिनिटं चाललं की मंडळाची खोली येते. ही खोली मातीची. तिचा गिलावा मी स्वतःच्या हातांनी केलेला, तेव्हा गुडघे माझं ऐकत होते. कोपऱ्यावर वळले आणि थबकले. भिंत पिवळीधमक, तुकतुकीत. आणि कमरेच्या उंचीवर फुगलेली, पोळी फुगावी तशी. बोटानं टकटक केलं तर आतून पोकळ आवाज. नखानं टोकरलं तर रंगाचा पापुद्रा प्लास्टिकच्या पिशवीसारखा निघून आला आणि मागून ओली माती सांडली.

अशी ओळखीची भिंत सुटलेली बघवत नाही हो. मी पायरीवर बसले.

सभा शेजारच्या हॉलमध्ये. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. जिलबी एक नंबर. माझ्या शेजारी येरवड्याचे कांबळे साहेब, सरकारी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, पहिल्या सातांतले. ठराव मांडला अनिकेतनं. आयटीत आहे, तिशीतला, मंडळाच्या अर्ध्या शाखा त्याच्याच धावपळीनं उभ्या राहिल्या.

"अक्का, रागावू नका," तो माइकवरून म्हणाला. "लोक फॉर्म भरून महिनोन्‌महिने वेटिंगवर आहेत. तुमचं अंगण एकच. आणि सोलापूरच्या एका मॅडमना एक पाय नाही. शाळा बांधतायत त्या, मातीची. त्यांना मी काय सांगू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी रात्रभर मनात भाषण घोटलं होतं. त्यातलं एक वाक्य जागेवर राहिलं नाही.

कांबळे साहेब पुटपुटले, "नियम कडक लावला तर आधी अक्कांचंच नाव खोडावं लागेल. दोन वर्षांत चिखलात पाय घातलाय का तुम्ही?"

"तुम्ही तर पहिल्या वेळी बूट घालून आला होतात."

"म्हणून तर मी गप्प आहे."

मी उठले, पण ठरावाबद्दल बोललेच नाही. विचारलं, "बाहेरच्या भिंतीला रंग कुणी लावला?"

अनिकेतनंच हात वर केला. "मी, अक्का. पावसाळ्याआधी पाहुणे येणार होते. फोटोत भिंत फार मळकी दिसत होती. चांगल्यातला घेतला, वॉटरप्रूफ."

आता यात मला लागलं ते रंगाचं नाही. हा मुलगा माझ्या अंगणात तुडवून गेला होता. एक सोडून दोन रविवार. पोटऱ्यांपर्यंत माखला होता, माझ्या हातची भाकरी खाऊन गेला होता. आणि तरी मातीच्या भिंतीचं तोंड बांधून बसला.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"काय, अक्का?"

तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं लोकांचे पाय चिखलात घातले, पण त्यामागचं कारण कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, पायातून आपोआप वर चढतं. मला चढलं होतं. पण माझी भिंत दोनदा पडली होती, त्यांची कुठे पडली होती?

मतदान झालं. रीत बंद करायच्या बाजूनं मीही हात वर केला. शुभदानं माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर चहा आणून दिला, साखर विसरली होती.

रात्री तिच्याकडेच राहिले आणि सकाळी भिंतीपाशी गेले. अनिकेत आधीच खरवडणी घेऊन उभा. मी स्टुलावर बसून सांगत होते, तो खरवडत होता. माती हवेतली ओल आत घेते आणि बाहेर सोडते. असला रंग फासला की आत गेलेली ओल आतच राहते, मग गिलावा हात सोडतो. वर फक्त चुन्याची सफेदी द्यायची, तीही भिंत पुरती सुकल्यावर. शुभदा दुपारी आली, तिनं दुसरी खरवडणी उचलली.

"हे एवढं सोपं होतं?" अनिकेत म्हणाला.

"मग काय अवघड असतं असं वाटलं तुला?"

"नाही हो. तुम्ही इतक्या गप्प असायचात की वाटलं, विचारायचं नसतं."

परतीच्या एसटीत उभं राहावं लागलं कापूरहोळपर्यंत. घरी पोचले तेव्हा पायांचे खांब झाले होते. तीन दिवस झाले, थकवा उतरत नाही. अंगणातला चिखलाचा खड्डा कोरडा पडलाय, मांजर झोपतं त्यात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. हडपसरची भिंतही उघडीबोडकी उभी आहे, सुकायला महिना घेईल. पण तिच्यावर काय लावायचं ते आता तिघांना माहीत आहे.

एक दोनशे पानी वही आणलीय. सगळ्याची कारणं लिहून काढते आहे. अडते, कारण मला जे उघड वाटतं ते तुम्हाला कुठे अडलं, ते मला कसं कळणार? म्हणून सुमनताई, साळुंखेभाऊ, नंदा, जे जे माझ्या अंगणात तुडवून गेलात त्यांनी सांगा. तेव्हा काय विचारायचं होतं आणि माझं तोंड बघून विचारलं नाहीत? लाजू नका. आणि लवकर लिहा. वही उघडीच ठेवलीय.